बीटा आणि गॅमाच्या मधलं शिखर

रक्तातली प्रथिनं जेलवर पट्ट्यांमध्ये वेगळी करायची तपासणी चालू होती. पट्टे मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरचा आलेख स्क्रीनवर उमटला आणि माझा हात थांबला. बीटा आणि गॅमा या प्रथिनगटांच्या मध्ये एक अरुंद, टोकदार शिखर.

असं शिखर मायलोमाचं, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाचं, असू शकतं. नमुना पेडण्याहून आलेल्या एका काकींचा. त्यांचा मुलगा बाहेर बाकावर बसलेला.

जेल उजेडात धरून पाहिली. पट्टा खराच होता, अमिडो ब्लॅकने रंगलेला, रेघेसारखा. यंत्र तरी काय करणार? पट्टा किती गडद आहे तेवढंच ते मोजतं.

मग नळी पाहिली. जांभळं टोपण! म्हणजे ईडीटीए, रक्त गोठू न देणारं रसायन. तपासणीला हवं ते सीरम नव्हे, प्लाझ्मा. रक्त गोठलंच नव्हतं, म्हणून फायब्रिनोजेन हे गोठण्याचं प्रथिन त्यातच राहिलं, आणि त्याचा पट्टा नेमका याच जागी येतो.

लाल टोपणाच्या, रक्त गोठू देणाऱ्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. मुलाने हळूच विचारलं, "परत कशाला टोचताय? आईला काही वाईट निघालं का?"

"नाही रे, नळी आमची चुकली," म्हटलं. पण त्याचा चेहरा काही सैल झाला नाही.

संध्याकाळच्या आलेखात ते शिखर नव्हतं. मुलाला फोन मीच केला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

तुमच्या लॅबमध्ये टोपणाचा रंग सगळ्यात आधी कोण बघतं?