बटाट्यापासून कऱ्हाडपर्यंत : आमची वाटचाल

कऱ्हाडमधला आमचा छापखाना सासऱ्यांच्या वेळचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं हेच मुख्य काम. मी तेव्हा बालवाडीत ताई होते. कटिंग मशीनखाली पत्रिकेच्या जाड कागदाची कातरण पडायची, ती पिशवीत भरून मी वर्गात न्यायचे आणि स्केचपेननं अक्षरं काढायचे. आमच्या अक्षरसंचाची सुरुवात त्या कातरणीतून झाली.

वर्गात एक गोष्ट रोज दिसायची. मुलांना 'ग गणपतीचा'पासून 'ज्ञ ज्ञानेश्वराचा'पर्यंत सगळं तोंडपाठ. तक्त्यावर बोट ठेवलं की अक्षर ओळखायची. पण फळ्यावर 'मका' लिहिलं की गप्प. अक्षर ओळखणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मला त्या गप्प बसलेल्या मुलांनी शिकवलं.

मग मी क्रम बदलला. गमभन ही आपली जुनी रीत हाताच्या वळणासाठी चांगली आहे. मला मात्र अशी अक्षरं हवी होती, ज्यांचे पहिल्याच आठवड्यात शब्द होतील. म्हणून ब, ट आणि काना घेतले. तेवढ्यात बाबा होतात, टाटा होतो आणि बटाटा होतो! एक चार वर्षांची मुलगी तीन कार्डांवरून बोट सरकवत "ब... टा... टा..." म्हणाली, थांबली, पुन्हा सुरुवातीला गेली. मग एकदम माझ्याकडे बघून ओरडली, "ताई, भाजीतला बटाटा!" तो चेहरा बघितल्यावर हे काम सोडणं मला शक्य नव्हतं. पुढं क, म, न आले की मका, कान, नाक, मान, काम, मामा, काका असा शब्दांचा ढीगच लागतो.

2012 च्या दिवाळीनंतर आम्ही पहिले शंभर संच छापले. अक्षरं पॉलिश पेपरची, पुठ्ठ्यावर चिकटवलेली, म्हणजे बोटाला खरखर लागते आणि वळण हातात बसतं. खरखरीत अक्षरांची ही पद्धत माँटेसरींची. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि साधनं परिसरातल्याच वस्तूंतून उभी केली. आमच्या कातरणीला तोच आधार वाटायचा.

सगळ्यात जास्त घाम काढला मात्रांनी. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी उभी राहते. मूल डावीकडून वाचत येतं आणि 'कि'ला 'इक' म्हणतं. यात मुलाची चूक काहीच नाही. यासाठी आम्ही मात्रा पारदर्शक पट्टीवर छापल्या. आधी 'क' म्हणायचं, मग पट्टी वर ठेवायची आणि 'कि' म्हणायचं. पण क रुंद, र अरुंद, ट आणि द यांना दंडच नाही, त्यामुळे काना कुठं लांब पडायचा, कुठं अक्षरावर चढायचा. तीन प्रुफं वाया गेली. शेवटी यजमानांनी तोड काढली: सगळी अक्षरं कार्डाच्या उजव्या कडेला टेकवायची आणि शिरोरेघ एकाच उंचीवर ठेवायची. पट्टी बरोबर बसली.

2017 मध्ये मोठा फटका बसला. नव्या संगणकावर फाइल उघडली, तिची भाषा हिंदी राहिली आणि पाकळ्यांच्या ल ऐवजी दंडाचा ल आला. श सुद्धा बदलला. आमच्या लक्षात आलं नाही. लॅमिनेशन होऊन तीनशे संच बाहेर पडले, तेव्हा एका शिक्षिकेचा फोन आला, "अहो, हा ल आपला नाही." घरी आजी पाटीवर एक ल काढते आणि कार्डावर दुसराच, मग लहान मुलानं काय समजायचं? तीनशेच्या तीनशे संचांतली ती कार्डं आम्ही स्वखर्चानं बदलून दिली. त्या वर्षी नफा झाला नाही. पुढं 2022 साली शासनाच्या सुधारित वर्णमालेत देठाचा श आणि पाकळ्यांचा ल स्पष्टपणे आले, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

पालक विचारतात, "लिहायला कधी लागेल?" तीन-चार वर्षांच्या मुलाकडून पाट्या भरून घेणं मला पटत नाही. आधी कान तयार व्हावा लागतो. म्हणून संचात आवाजांचे खेळ घातले. ण आणि ळ यांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाही, म्हणून 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा'. इथं मूल शब्दाचा शेवट ऐकायला शिकतं. चहातला च आणि चाकातला च वेगळा लागतो, हेही मुलंच सांगतात. आणि घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात टोकू नये, ही विनंती संचासोबतच्या पत्रकात पहिल्या ओळीत छापलेली आहे. त्याची बोली त्याच्या आईची आहे. ण त्याला वाचता वाचता येईल.

आज घरच्या तिघांशिवाय गल्लीतल्या पाच बायका कार्डं चिकटवायला येतात. संच जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत जातात, काही परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांतही गेले आहेत.

सध्या टेबलावर जोडाक्षरांचं प्रूफ आहे. एकटा र चार रूपं घेतो: सूर्यात डोक्यावर, चक्रात पायाशी, ट्रकमध्ये ट च्या खाली आणि चौथा आमच्या गावाच्या नावात. एसटी स्टँडवरची पाटी इथल्या मुलांना अडते ती त्याच ऱ्ह पाशी. म्हणून या संचातलं पहिलं कार्ड 'कऱ्हाड' ठेवलंय. काल चिकटवायला येणाऱ्या एका ताईंची मुलगी ते हातात घेऊन बराच वेळ बसली होती. पहिला क वाचला, शेवटचा ड वाचला, मधल्या अक्षरावरून बोट फिरवत राहिली. आईनं सांगायला तोंड उघडलं, तिला मी हातानंच थांबवलं.