बहमनी राज्य बुडवलं कुणी?

आम्ही उदगीरचे. बीदर इथून दीड तासावर. घरी पाहुणे आले की मी त्यांना तिकडे घेऊन जातो आणि शेवट अष्टूरला, बहमनी सुलतानांच्या कबरींपाशी करतो. तिथे हुमायूनशहाच्या मकबऱ्याचा घुमट वीज पडून कोसळलाय. उरलेला भाग कापलेल्या कांद्यासारखा उभा आहे, आतली जाडी दाखवत. त्याखाली उभं राहून कुणी ना कुणी विचारतंच, "एवढं मोठं राज्य, बुडवलं कुणी?"

विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. बहुतेकांचं ठरलेलंही असतं: दारुडा सुलतान. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून जरा बूड टेकून सांगतो.

1347 साली दक्षिणेतल्या अमीरांनी महंमद तुघलकाविरुद्ध बंड केलं आणि दौलताबादला अलाउद्दीन हसनला गादीवर बसवलं. (हसन आधी गंगू ब्राह्मणाचा चाकर होता, म्हणून राज्य 'बहमनी', ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. गोड आहे, पण नाण्यांवर-शिलालेखांत तिचा पत्ता नाही. हसन स्वतःला इराणच्या बहमन राजाचा वंशज म्हणवायचा.) राजधानी गुलबर्गा, पुढे बीदर. मुलखाच्या चार तरफा केल्या: गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बीदर. आपल्याकडे गावांच्या नावांत 'तर्फ' लागतं ना, तोच हा शब्द.

खरी मेख माणसांची होती. दिल्लीशी फाटल्यावर उत्तरेची वाट बंद झाली. मग कारभारी, शिपाई, घोडे, सगळं समुद्रावरून. चौलला नाहीतर दाभोळला उतरायचं. इराणातून, इराकातून, मध्य आशियातून आलेले हे लोक म्हणजे आफाकी. आधीपासून इथे रुजलेले ते दखनी: तुघलकाच्या काळात आलेल्यांची नातवंडं आणि धर्म बदललेले इथलेच लोक. हबशीही बहुधा यांच्याच बाजूला. सुलतानाला नवा माणूस सोयीचा वाटे, कारण त्याला इथे भाऊबंद नसत. दखन्यांना वाटे, राबलो आम्ही आणि जहागीर काल गलबतातून उतरलेल्याला. 1470 च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल-जुन्नरमार्गे बीदरला आला होता. त्यानेही टिपून ठेवलंय की इथले सरदार खुरासानी आहेत, चांदीच्या पलंगांवरून मिरवतात, आणि रयत मात्र कंगाल आहे.

माझ्या मते हे राज्य उसवलं ते चाकणला. पंधराव्या शतकाच्या मध्यावर खलफ हसन हा आफाकी सेनापती चाकणला तळ देऊन कोकणात उतरला. शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या जंगलात नेऊन घातलं आणि तिथे तो फौजेसकट कापला गेला. वाचलेले आफाकी चाकणला परतले. दखनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले की हे फितूर झालेत, आणि शत्रूच्या हातून सुटलेल्या त्या माणसांची आपल्याच लोकांनी चाकणला कत्तल केली. त्यानंतर दोन्ही बाजू एकमेकांसमोर पाठ करून बसल्या नाहीत.

टाके घालायचा प्रयत्न केला महमूद गावानने. हा इराणातल्या गिलानचा व्यापारी, म्हणजे स्वतः आफाकीच. पण वजीर झाल्यावर दोन्ही गटांना पदं देताना त्याने तराजू सांभाळला. बीदरच्या चौकात त्याचा 1472 चा मदरसा आजही आहे, निळ्या फरशांचे तुकडे अंगावर घेऊन. त्याच वर्षी त्याने विजयनगरकडून गोवा घेतला. आणि सरदार डोईजड होऊ नयेत म्हणून चार तरफांच्या आठ केल्या. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार थेट सुलतानाचे.

हे कुणाला रुचणार? मलिक हसन बहरी या दखनी सरदाराला अख्खा तेलंगण हवा होता, मिळाली राजमहेंद्रीची अर्धी बाजू. हा मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला, लहानपणी पकडून बाटवलेला, असं परंपरा सांगते. त्याच्या गटाने गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, वर ओरिसाच्या राजाला स्वारीचं आवतण लिहिलं आणि तो कागद सुलतानापुढे ठेवला. तिसरा महंमदशहा नशेत होता. 5 एप्रिल 1481 ला सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडालं. वर्षाच्या आत सुलतानही गेला.

म्हणजे दारू होतीच, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मोठं कारण हवं तर हे बघा: गावानने सरदारांना लहान करायला ज्या नव्या तरफा पाडल्या, त्यांतलीच जुन्नर मलिक हसनच्या मुलाला, मलिक अहमदला मिळाली. तिथून निजामशाही निघाली. दुसरी नवी तरफ विजापूर. ती गावाननंतर युसुफ आदिलखानाकडे गेली आणि आदिलशाही झाली. औषधाच्या पुड्यांतूनच दुखणं वाढलं.

तरी लगेच कुणी राजा झालं नाही. महमूदशहा 1482 ला बारा वर्षांचा असताना बसला आणि 1518 पर्यंत गादीवर होता. बीदरला त्याचे वजीर, बरीद घराण्यातले, सांगतील तिथे शिक्का मारायचा, एवढंच काम. सुभेदार आपापल्या मुलखात मन मानेल तसं वागत, पण नाव त्याचंच घेत. गोवळकोंड्याच्या 1518 च्या मशिदीवरही त्याचं नाव आहे.

शेवटचा कलीमुल्ला. त्याने बाबराला मदतीचं पत्र पाठवलं, ते उघडकीला आलं आणि बीदर सोडून त्याला पळावं लागलं. आधी विजापूर, मग अहमदनगर. तिथे राज्य होतं बुऱ्हाण निजामशहाचं, म्हणजे खोटं पत्र रचणाऱ्या मलिक हसनच्या नातवाचं. त्याने याला मानाने ठेवून घेतलं. सुरुवातीला दरबारात तो कलीमुल्लासमोर हात बांधून उभा राहायचा म्हणतात. मग कुणीतरी कानात सांगितलं की हे बरं दिसत नाही. त्यानंतर कलीमुल्लाला दरबाराचं बोलावणं आलं नाही.