तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीच्या बॅटऱ्या बदलायच्यात, कुठल्या घेऊ?

मासेमारीबंदी संपत आली, बोटी पाण्यात उतरायची तयारी सुरू झाली, की हा प्रश्न हमखास येतो: "लायटीच्या बॅटऱ्या बसल्यात. ट्युब्युलर घेऊ की लिथियम?" लायटीच्या म्हणजे ज्यांवर दिवे, फिशफाइंडर, जीपीएस आणि व्हीएचएफ (बोलायचा वायरलेस) चालतात त्या. ट्युब्युलर म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती लेड-ॲसिड बॅटरी. इंजिनाला सेल्फ मारणारी वेगळी, आणि ती वेगळीच राहायला हवी. दुकानात जाण्याआधी जुन्या कशाने गेल्या ते बघा. ते कारण बोटीत तसंच राहिलं, तर नव्याही दोन हंगामांत त्याच वाटेने जातील.

मुळात त्या खरंच गेल्यात का? चार्जरवर पूर्ण चार्ज करा, तारा सोडवा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ च्या आसपास मिळाले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १०.५ च्या घरात अडकली असेल तर एक सेल शॉर्ट झालाय, तिच्यावर वेळ घालवू नका. बुचं उघडणारी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, घ्या. पाच सेल १२४० दाखवतात आणि एक ११९०, तर तोच सेल सगळ्या बॅटरीला खाली ओढतोय. व्होल्टेज ठीक दिसलं तरी क्षमता उरलीय का हे लोड लावल्याशिवाय कळत नाही. गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब लावा, म्हणजे साधारण ९ अँपिअर जातील. घड्याळ लावून बसा आणि १०.५ व्होल्टला थांबवा. १२० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी अकरा-बारा तास काढते. सात तासांच्या आत बसली तर बदला.

आता चार्जिंग. बहुतेक बॅटऱ्या वापरून मरत नाहीत, अर्धपोटी राहून मरतात. इंजिन तासभर चालल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. १२ व्होल्टला १४.२ ते १४.४ हवेत, २४ ला २८.४ ते २८.८. अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून बॅटरी भरतो तो) १४.३ आणि बॅटरीवर १३.६ मिळत असतील, तर मधले ०.७ व्होल्ट कुठेतरी जातायत. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवायला बसवलेला डायोड साधारण एवढेच खातो. तो काढून व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवा. डायोड नसेल तर अर्थिंगची तार आणि हिरवे पडलेले लग (तारेच्या टोकाची जोडणी) तपासा. व्हीएचएफचं बटण दाबून बोलायला लागलं की स्क्रीन विझते, ही तक्रार बऱ्याचदा बॅटरीची नसून अशा एखाद्या लगचीच असते.

२४ व्होल्टच्या बोटींवर एक चूक इतकी सर्रास दिसते की तिच्यावर जरा जास्तच लिहितो. १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. व्हीएचएफ १२ व्होल्टचा, म्हणून कोणीतरी खालच्या, म्हणजे मायनसकडच्या, एकाच बॅटरीवरून तार घेतो. मग मोबाइल चार्जरही तिथेच, छोटा पंखाही तिथेच. खालची रोज जास्त उतरते. पण चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच जातो आणि अल्टरनेटरला दिसते फक्त बेरीज. २८.४ मध्ये वरची, आधीच भरलेली, १५ च्या पुढे जाते, उकळते, पाणी पिते. खालचीला १३.४ च मिळतात, ती कधीच पूर्ण भरत नाही आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं. एक जादा चार्जने मेली, दुसरी कमी चार्जने, आणि बोल लागतो कंपनीला. इंजिन चालू असताना दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर खालच्या बॅटरीवरून घेतलेली ती १२ व्होल्टची तार काढून टाका आणि २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. २५ वॉटचा व्हीएचएफ बोलताना ५-६ अँपिअर घेतो, त्याला १० अँपिअरचा कन्व्हर्टर पुरतो. पंखा आणि चार्जरही त्यावर टाकायचे असतील तर २० चा घ्या.

हे सगळं झाल्यावर आकाराचा हिशोब. फक्त इंजिन बंद असतानाचा लोड धरा. ट्रॉलरचं इंजिन ओढताना चालूच असतं, तो लोड अल्टरनेटर उचलतो. जाळं टाकून किंवा नांगरावर रात्र काढणाऱ्या बोटीचा हिशोब वेगळा. बारा तासांची रात्र धरू: १० वॉटचे चार एलईडी म्हणजे ४८० वॉट-अवर, नेव्हिगेशनचे दिवे १२०, फिशफाइंडर आणि जीपीएस मिळून ३००, व्हीएचएफ ७०, एआयएस (बोटीची ओळख आणि जागा इतरांना कळवणारं यंत्र) ५०, पंखा आणि मोबाइल १२०. बेरीज ११४०. बारा व्होल्टला हे ९५ अँपिअर-अवर झाले. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून १९०. वय झाल्यावर क्षमता घटते, त्यासाठी आणखी पाचवा हिस्सा धरला की २३० च्या आसपास, म्हणजे १२० च्या दोन पॅरलल. २४ व्होल्टची बोट असेल तर त्याच दोन सिरीजमध्ये. बॅटरीवरचा आकडा सी-१० चा (दहा तासांत उतरवून मोजलेला) आहे की सी-२० चा (वीस तासांत) तेही बघा. १५० अँपिअर-अवर सी-२० म्हणजे ७.५ अँपिअरने वीस तास. त्याहून जास्त करंट ओढलात तर एकूण मिळणारे अँपिअर-अवर घटतात.

ट्रकची बॅटरी स्वस्त पडते म्हणून लायटीला लावू नका. तिच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर भरपूर करंट देऊन सेल्फ फिरवण्यासाठी केलेल्या. रोज निम्म्यापर्यंत उतरवली तर प्लेटांवरचा माल गळून तळाशी बसतो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर ही उतरणं सोसते आणि रोजच्या वापराला चांगली आहे. पण ती उंच आणि जड असते, १५० ची उचलायला दोन माणसं लागतात. ती स्थिर जमिनीसाठी केलेली असल्याने बोट डोलली की बुचातून ॲसिड पाझरतं. ती घ्यायचीच तर प्लॅस्टिकच्या खोल पेटीत, पट्ट्याने आवळून, बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यापासून वर बसवा. खारं पाणी सेलमध्ये गेलं आणि चार्जिंग चालू असलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद इंजिनरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. चार्ज होताना हायड्रोजनही निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. म्हणून पेटीच्या झाकणाला वरच्या बाजूने हवा जायला वाट ठेवा. सीलबंद एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली लेड-ॲसिड) सांडत नाही, पण तिच्यात पाणी टाकता येत नाही. तापलेल्या इंजिनाशेजारी ती आतून सुकते, तिला केबिनच्या बाजूची थंड जागा द्या.

लिथियमबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घ्या, पण लोह-फॉस्फेटचीच, आणि अल्टरनेटरचा बंदोबस्त आधी करून. चार सेलची १२.८ व्होल्टची बॅटरी ८० टक्के वापरता येते, त्यामुळे वरच्या हिशोबाला २३० ऐवजी १२० पुरते. १०० अँपिअर-अवरची एकट्याने सहज उचलता येते. अडचण अशी की ती मिळेल तेवढा करंट घेते. लेड-ॲसिड भरत आली की मागणी कमी करते, ही करत नाही, आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर तासभर पूर्ण ताकदीने चालून वाइंडिंग जळतं. शिवाय चार्जिंग चालू असताना बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) बॅटरी तोडली तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड, सोबत जीपीएससुद्धा, जाऊ शकतो. उपाय एकच: अल्टरनेटर फक्त सेल्फच्या लेड-ॲसिड बॅटरीला जोडा, आणि तिथून ३० अँपिअरच्या डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम भरा. दोन जातींच्या बॅटऱ्या थेट पॅरलल करू नका. जुन्या स्कूटरच्या सेलपासून जुळवलेले पॅक बाजारात स्वस्त मिळतात. ते बहुतेक दुसऱ्या रसायनाचे असतात, व्होल्टेज १२ च्या सिस्टिमशी जुळत नाही आणि पेट घेण्याचा धोकाही जास्त. समुद्रात ते नकोतच.

लेड-ॲसिड घेताना दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या घ्या. जुनीशेजारी नवी बसवली तर नवी जुनीच्या वयाची होते. तारखेचा कोड वाचून घ्या. सहा महिने दुकानात पडून राहिलेली नको. वॉरंटी कार्डावर वापर कोणता धरलाय तेही वाचा, घरगुती इन्व्हर्टरसाठी असलेली वॉरंटी बोटीला लागू होईल असं गृहीत धरू नका. पॅरलल जोडणीत प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून काढा, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. तार कथिल चढवलेली तांब्याची. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज, लिथियमला टी-क्लास (प्रचंड शॉर्ट-सर्किट करंट तोडू शकणारा). बिल्ज पंपाची तार मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर, म्हणजे स्विच बंद करून बोट सोडून गेलात तरी पंप चालेल.

बोट शाकारून ठेवताना लेड-ॲसिड पूर्ण भरून, मायनस तार सोडवून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. लिथियम मात्र निम्म्यावर ठेवायची. पाणी टाकायचं ते डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्जिंगला वर येऊन सांडतं. विहिरीचं पाणी नको, ॲसिड तर मुळीच नाही. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्या. शिशाचे पैसे बिलातून वजा होतात.