चेंडू वानखेडेवर आणला
आज एफवायच्या वर्गात नेहमीचा प्रश्न आला, “सर, पुस्तकाची जुनी आवृत्ती चालेल का?” म्हटलं, या वेळी विकत घ्यायचंच नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाचं ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’, तीन खंड, पीडीएफ फुकट. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्स) परवाना, म्हणजे श्रेय देऊन झेरॉक्स काढा, बदला, मराठीत आणा, कुणी अडवत नाही. विचारणारीने तिथेच डाउनलोड लावलं. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून आधी ताईच्या लग्नाचे व्हिडिओ उडवले!

माझं काम मात्र वाढलंय. क्रम आपल्या सिलॅबसशी जुळत नाही, त्यात उदाहरणांत बेसबॉल. रात्री एका गणितातला चेंडू वानखेडेवर आणला, खाली मूळ श्रेय आणि ‘बदल केला आहे’ अशी ओळ टाकली. बायको म्हणाली, “पेपर तपासायचे राहिलेत ना?”