दोघींची एकच चिठ्ठी

एक्स-रे तंत्रज्ञाने निदान बोलायचे नसते. फोटो काढावा, नाव-क्रमांक घालावा आणि पुढच्याला आत घ्यावे एवढेच आमचे काम आहे, आणि हा नियम योग्य आहे असे मी आजही म्हणेन. मात्र यवतमाळ जिल्ह्यातील ज्या ग्रामीण रुग्णालयात मी नोकरी करतो तेथे क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर नाहीत. फोटो ऑनलाइन बाहेर जातात आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण कापूस वेचायला परतही गेलेला असतो. त्यामुळे फोटो सर्वांत आधी, आणि पुष्कळदा सर्वांत निरखून, पाहणारा माणूस मीच असतो. गेल्या हिवाळ्यात आलेल्या दोन जावांचे प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही, ते यामुळेच.

थोरली सत्तरी ओलांडलेली, धाकटी साठीच्या आसपासची. दोघींचीही कंबर दुखत होती आणि दोघींच्या हातात अक्षरशः सारखीच चिठ्ठी होती. गावात हाडांच्या मोफत तपासणीचे शिबिर झाले होते. अशा शिबिरात टाच एका लहानशा यंत्रात ठेवतात, यंत्र तिच्यातून ध्वनिलहरी सोडते आणि तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत आपले हाड किती कमी-जास्त ते सांगणारा एक आकडा छापून देते. दोघींचा आकडा उणे अडीचच्या खाली आला, म्हणून दोघींच्या चिठ्ठीवर ‘हाडे ठिसूळ’ असे लिहून आठवड्यातून एकदा घ्यायची 70 मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेटची, म्हणजे हाडाची झीज रोखणारी, गोळी दिली गेली. वास्तविक उणे अडीचची ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली आखली ती डेक्सा तपासणीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी. टाचेच्या यंत्राला ती जशीच्या तशी लावता येत नाही. शिवाय डेक्सा केली तरी ती हाडात खनिज किती आहे एवढेच सांगते, ते कमी का झाले हे सांगत नाही. शिबिराचे टी-शर्ट घालून गाडीतून उतरणाऱ्या मुलांकडून हे कारण शोधण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही, पण चिठ्ठीवर सही करणाऱ्या डॉक्टरांकडून ती करायलाच हवी.

थोरलीच्या फोटोत काही गुंता नव्हता. बाक आलेला असूनही ती टेबलावर स्वतः चढली आणि सांगताच कुशीवर वळली. कंबरेखाली उशी दिली, गुडघे दुमडायला लावले आणि श्वास सोडून धरायला सांगून बाजूचा फोटो घेतला. पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने दबलेला होता. बाकीच्या मणक्यांच्या कडा बारीक पण स्पष्ट होत्या आणि आतील जाळी विरळ झालेली होती. ही ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाड झिजून विरळ होण्याच्या आजाराची, नेहमीची ओळख आहे, पण साध्या एक्स-रेवर ती दिसू लागेपर्यंत हाडातील किमान 30 टक्के खनिज गेलेले असते. फिल्मच्या काळात नेहमीच्या एक्स्पोजरला फोटो काळाभोर आला की जुन्या तंत्रज्ञांना शंका यायची. आता संगणक उजेड आपोआप सारखा करून देतो, त्यामुळे पातळ हाडही पडद्यावर देखणे दिसते. या सोयीवर माझा राग आहे. आमच्या भागात याच्या उलटही पाहायला मिळते. फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्या माणसाचे हाड पांढरेशुभ्र, दाट दिसते आणि तरीही ते मजबूत नसते.

धाकटी मात्र टेबलाजवळच्या पायरीवर पाय उचलू शकेना. दहा-बारा वर्षांनी मोठी असलेली जाऊ जिथे सहज चढली, तिथे हिला दोघांनी उचलून ठेवावे लागले. चालताना ती दोन्ही बाजूंना डोलत होती. खुब्याच्या फोटोसाठी पावले साधारण 15 अंश आत वळवावी लागतात, म्हणजे मांडीच्या हाडाची मान पूर्ण लांबीने दिसते. बहुतेक ठिकाणी हे कष्ट कोणी घेत नाही आणि मग मान अर्धी झाकलेले फोटो पुढे जातात. पावले वळवण्यासाठी मी नडगीवर हात ठेवला, तेव्हा ती कळवळली. “माय वं! हात नको लावू भाऊ, हाड दुखते,” असे ती म्हणाली. तिने सांधा म्हटले नव्हते, हाड म्हटले होते.

फोटो आला तेव्हा दोन्ही बाजूंना मांडीच्या हाडाच्या मानेत, आतल्या अंगाला, कडेला काटकोनात एकेक काळसर पट्टी दिसली. पहिली शंका लुगड्याची आणि नाडीच्या गाठीची असते, कारण आमच्याकडे रुग्णांना घालायला गाऊन कधीच पुरेसे नसतात. पण कापडाची आणि गाठीची सावली पांढुरकी पडते. कॅसेटवरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पाटीवरचा, ओरखडाही पांढराच उमटतो. राहिली जांघेतील कातडीची घडी. सडपातळ म्हाताऱ्या माणसांत ती काळी रेघ देते, परंतु घडीची रेघ हाडाबाहेरही चालत जाते. ही पट्टी हाडाच्या कडेपासून निघून हाडातच थांबली होती. पडल्याने मोडलेले हाड सहसा एका बाजूला मोडते, दोन्हीकडे एकाच जागी नाही. स्विस शल्यचिकित्सक एमिल लूझर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्या ऑस्टिओमलेशियात, म्हणजे खनिज नीट न भरल्याने हाड मऊ राहण्याच्या आजारात, दिसतात. मी मागणीच्या कागदावर पेन्सिलीने ‘दोन्ही बाजूंना सारखेच, कृपया पाहावे’ एवढेच लिहिले आणि कागद स्वतः नेऊन दिला.

बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेल्या डॉक्टरांविषयी गावात आणि आमच्या कर्मचाऱ्यांतही फारसे बरे बोलले जात नाही, पण आमच्याकडे अशी आलेल्या डॉक्टर मुलीने तो कागद वाचला. तिने रक्तदाबाचा पट्टा धाकटीच्या दंडाला बांधून वरच्या दाबापेक्षा थोडा जास्त फुगवला आणि तसाच धरून ठेवला. तीन मिनिटे व्हायच्या आतच अंगठा तळव्याकडे ओढला गेला, बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि मनगट वाकले. रक्तातील कॅल्शियम घटल्याची ही खूण आहे. सून घाबरून म्हणाली, “असंच होते घरी. आमी फिटच समजलो.” गोळी सुरू झाल्यापासून हे वाढले होते. त्यात आश्चर्य नव्हते, कारण ती गोळी हाडातून कॅल्शियम बाहेर येऊ देत नाही आणि रक्तात ते आधीच कमी असेल तर आणखी घटते. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व पाहायचे असते.

प्रयोगशाळेचा निकालही तसाच आला. थोरलीचे कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड मऊ पडले की रक्तात वाढणारे विकर) सर्वसाधारण होते; धाकटीचे पहिले दोन कमी आणि तिसरे कितीतरी पट चढलेले होते. डॉक्टरांनी नातेवाइकांना समजावले ते मला आवडले. एकीच्या घराची भिंत झिजून पातळ झाली आहे, दुसरीची भिंत जाड आहे पण तिचा चिखल वाळलेलाच नाही, असे त्या म्हणाल्या.

कारणे विचारल्यावर निघाली. थोरलीची गर्भपिशवी तरुणपणीच, अंडाशयांसह, काढलेली होती. आमच्या भागात हे ऑपरेशन किती सहज करून टाकतात यावर लिहायला दुसरी जागा लागेल. धाकटीला फिट येत असत आणि ती अनेक वर्षे फेनिटोईन घेत होती; हे औषध यकृताकरवी ‘ड’ जीवनसत्त्व लवकर संपवते. त्यातच फिटची बाई म्हणून घरच्यांनी तिला विहिरीवर, चुलीपाशी, वावरात कुठेही जाऊ दिले नव्हते. जपण्याच्या हेतूनेच त्यांनी तिला सावलीत ठेवले. विदर्भातले ऊन दारात असताना ती वर्षानुवर्षे ओसरीच्या आत बसून होती.

धाकटीची आठवड्याची गोळी थांबली. कॅल्शियम सुरू झाले आणि दर आठवड्याला दुधातून घ्यायची 60,000 युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी दिली गेली. फिटची गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, म्हणून ती बदलून देण्यासाठी धाकटीला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा फोटो काढला तेव्हा पट्ट्या भरत आल्या होत्या आणि पायरी ती स्वतः चढली. थोरलीला पुड्या मिळाल्या, तिची गोळीही चालू राहिली, पण दबलेला मणका दबलेलाच होता. “तिले बरं वाटलं, मंग माहा बाक काऊन जात नाई?” तिने मला खडसावून विचारले. गोळीने हाड आणखी झिजणे रोखता येते, मोडण्याची शक्यता कमी होते, पण दबलेला मणका पुन्हा उभा राहत नाही, हे मी सांगितले. सरकारी दवाखान्यात धाकट्या जावेला चांगले औषध दिले, असेच तिचे मत कायम आहे.

त्या शिबिरात आणखी किती बायकांना तीच चिठ्ठी मिळाली, हे आम्हाला कळू शकले नाही. डॉक्टरांनी यादी मागितली, ती आली नाही. माझे म्हणणे असे की ती चिठ्ठी घेऊन आलेल्या प्रत्येकीच्या कंबरेच्या फोटोबरोबर खुब्यांचाही फोटो घ्यावा. डॉक्टरांचे म्हणणे असे की आधी कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज करावे आणि गरज पडली तरच फोटो, कारण रक्ताच्या तपासणीत किरणे लागत नाहीत. त्यांचेच बरोबर असावे. पण त्या तपासणीचे रसायन आमच्या प्रयोगशाळेत महिन्यातले किती दिवस शिल्लक असते, हे त्यांना अजून कळायचे आहे.