वाढत्या अंगाचे माप

शिवणाच्या डब्यातली टेप दुपारी हाती लागली आणि समोर उघडा असलेला लॅपटॉप मोजून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. खोक्यावर १५.६ इंच असे छापलेले होते. पडदा आडवा भरला साडेतेरा इंचांहून किंचित अधिक आणि उभा पावणेआठांना थोडा कमी. पंधरा कुठेच सापडेना. टेप तिरकी धरून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत नेली, तेव्हा आकडा तंतोतंत जुळला. पडद्याचे माप कर्णावर घेतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही, परंतु कोणत्याही शिंप्याने गिऱ्हाइकाचे माप डाव्या खांद्यापासून उजव्या घोट्यापर्यंत घेतल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

या मोजमापाला एक निमित्तही होते. माझ्या भाचीला पणजीत अल्तिनोवरच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे, त्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे आणि सध्या तिचा दूरध्वनी आला की कुशलाच्या आधी प्रश्न येतो, "मावशी, चौदा की सोळा?" संगणकासमोर बसून पोट भरणारी घरात मी एकटीच, त्यामुळे हा निवाडा माझ्याकडे आला आहे. माझे काम भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे. त्याला ८ जीबी रॅम, म्हणजे संगणकाची हातातल्या कामापुरती स्मृती, पुरते आणि ग्राफिक्स कार्ड असले काय, नसले काय, ऱ्हस्वदीर्घाला फरक पडत नाही.

मला जर कोणी विचारले की लॅपटॉपमध्ये काय पाहावे, तर मी उंची पाहावी असे सांगेन, आणि हा माझा हट्ट आहे असे कोणाला वाटले तरी माझी हरकत नाही. देवनागरीला उभी जागा लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि त्याच्याही डोक्यावर अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, असा प्रत्येक ओळीचा संसार दोन्ही बाजूंनी वाढलेला असतो. त्यात २०१०च्या आसपास लॅपटॉपचे पडदे सरसकट दूरदर्शनसंचाच्या १६:९ या रुंदी-उंचीच्या प्रमाणात कापले जाऊ लागले. कारखान्यांना ते स्वस्त पडत होते. चित्रपट पाहणाऱ्यांची सोय झाली, पण लिहिणाऱ्यांच्या वाट्याला दोन्ही बाजूंना मोकळी मैदाने आणि मध्ये चार परिच्छेद एवढेच आले. आता १६:१० प्रमाणाचे पडदे पुन्हा मिळू लागले आहेत. टेप हातात होती म्हणून कागदावर हिशेबही करून पाहिला. या प्रमाणातला १४ इंची पडदा माझ्या १५.६ इंची पडद्यापेक्षा उंचीला अवघा सहा मिलिमीटर कमी भरतो, आणि १६ इंची पडदा रुंदीला माझ्याइतकाच असून उंचीला सुमारे दोन सेंटिमीटर अधिक असतो. म्हणजे नुसता इंचांचा आकडा ऐकून दुकानात बोट दाखवणे व्यर्थ आहे.

दुसरे गाऱ्हाणे ठिपक्यांचे आहे. १५.६ इंची पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपके असले, तर इंचाला जेमतेम शंभर पडतात. तशा पडद्यावर मी कैक वर्षे मुद्रिते तपासली. बारीक टंकात रफार आणि त्यावरचा अनुस्वार एकमेकांत असे मिसळत की एक चिन्ह आहे की दोन, हे अक्षर मोठे केल्याशिवाय कळत नसे. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या, पडद्यावर त्याच इंचात सुमारे १४१ ठिपके येतात आणि अनुस्वार आपल्या जागी निमूट बसतो. तिसरे गाऱ्हाणे उजवीकडच्या आकड्यांच्या कळफलकाचे. त्याच्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात, पडदा मध्यभागी राहतो आणि मनुष्य दिवसभर किंचित वाकडा बसतो. हिशेबनीसांना तो कळफलक लखलाभ होवो.

भाचीचे काम वेगळे आहे. तिला नकाशे काढायला ऑटोकॅड लागेल, पुढे इमारतींची प्रतिरूपे उभी करायला रेव्हिट लागेल, आणि रेव्हिट विंडोजवरच चालते, त्यामुळे मैत्रिणीच्या चंदेरी मॅकबुकचा विषय तिथेच मिटला. १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड तिला हवेच. अशी यंत्रे सहसा दोन किलोंच्या पुढे जातात आणि त्यांचा चार्जर, ज्याचे वजन जाहिरातीत कधीच धरलेले नसते, अर्धा किलो किंवा त्याहून अधिक भरतो. फोंड्याहून कदंबच्या बसमध्ये उभ्याने यायचे, पणजीला उतरून अल्तिनोची चढण चढायची, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात नकाशांची नळी, आणि पाठीवर हे सर्व. तिला मी धीर म्हणून ऑस्बोर्न १ ची गोष्ट सांगितली. १९८१ साली निघालेला तो संगणक सोबत नेण्याजोगा म्हणून विकला गेला, त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा पाच इंचांचा होता आणि तो भिंतीतल्या विजेवर चाले. तो काढणारे अॅडम ऑस्बोर्न लहानपणी तिरुवन्नामलैला वाढले आणि २००३ साली कोडाईकनालला वारले. "मावशी, त्यांना बसने जावे लागत नसणार," एवढेच ती म्हणाली.

रॅमचा विषय निघाला की मला म्हापशाच्या बाजारातला शिंपी आठवतो. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या शुक्रवारी आई आम्हा दोघी बहिणींना गणवेशाच्या कापडासह त्याच्यासमोर उभी करी. "बाय, सरळ उभी राहा," असे म्हणून तो माप घेई, आणि तो वहीत लिहू लागला की आईचे ठरलेले वाक्य येई, "वाढत्या अंगाचे शिवा आणि आत माया भरपूर ठेवा." पहिल्या वर्षी तो स्कर्ट पोटऱ्यांवर लोळे. पुढच्या जूनमध्ये आई दुमड उसवी आणि विटलेल्या निळ्याखाली नव्याकोऱ्या निळ्याची गडद पट्टी दिसे. तिच्यावरून वर्गात कोणाचा स्कर्ट कितव्या वर्षात आहे हे सर्वांना कळत असे. आता पातळ लॅपटॉपांमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच, डाखलेली असते. तिथे उसवण्याजोगे काही नसते, घेताना जी असेल तीच शेवटपर्यंत, म्हणून भाचीला जास्तीची एक खाच रिकामी आहे का हे दुकानात विचारायला सांगितले आहे. साठवणीच्या डिस्कचे तसे नाही, ती बहुतेक यंत्रांत नंतर बदलता येते.

बहिणीचे मत आईच्याच वळणाचे आहे. "एकदाच काय तो मोठ्यात मोठा घेऊ," असे ती म्हणते. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, तेवढी वर्षे तो टिकायला हवा, हा तिचा हिशेब मला पटतो. परंतु परवा बोलता बोलता ती म्हणून गेली की १७ इंची घेतला तर तो टेबलावरून हलणार नाही, आणि मग मुलगीही संध्याकाळची घरी राहील. आमच्या आळीतली शिकलेली मुले पुण्याला आणि बंगळुरूला गेली आहेत. भाची मात्र अजून बॅटरी किती तास चालते हेच पहिल्यांदा विचारते. जुलैत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, हे कारण ती आईला सांगते.

तूर्त १६ इंची, १६:१० प्रमाणाचा, रॅमसाठी रिकामी खाच असलेला आणि चार्जरसह अडीच किलोंच्या आत बसणारा, इथपर्यंत एकमत झाले आहे. असा दुकानात मिळतो की नाही, हा प्रश्न अजून कोणी काढलेला नाही. बहिणीचे म्हणणे असे की सवलतींसाठी गणपतीच्या चवथीपर्यंत थांबावे. तोपर्यंत महाविद्यालय सुरू होऊन महिना लोटलेला असेल, आणि मग माझाच लॅपटॉप मागायला त्या दोघी येतील अशी मला दाट शंका आहे.