औषधाच्या आधी बादली

सीलचं पोरकं पिल्लू बरं झालं की लोक हमखास विचारतात, "कोणतं अँटिबायोटिक दिलंत?" दूध पाजायची नळी कशी धुता, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मी सागरी सस्तन प्राण्यांच्या पिल्लांवर उपचार करते, आणि माझा निम्मा जीव त्या नळीत, बादलीत आणि मासे वितळवायच्या जागेत अडकलेला असतो.

मुळात ही पिल्लं जन्मतात तीच जवळजवळ निःशस्त्र. डॉल्फिनच्या वारेतून आईची प्रतिपिंडं पिल्लापर्यंत फारशी पोचत नाहीत, सीलमध्ये थोडीफार पोचतात. खरी शिदोरी मिळते ती चिकातून, तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत. आई गमावलेल्या पिल्लाच्या बाबतीत ही वेळ बहुतेकदा टळून गेलेली असते. नंतर कितीही सकस दूध पाजा, ती उणीव भरून निघत नाही.

त्यात सील चालतं पोटावर. म्हणजे ओली बेंबी फरशीवरून, त्याच्याच विष्ठेतून घासत जाते. म्हणून नवीन पिल्लू आलं की मी आधी त्याला उताणं करते. बेंबीभोवती बोट दाबून बघायचं: गरम लागतंय का, आत दोरीसारखं कडक काही हाताला येतंय का, वास कसला येतोय. ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस असे जंतू तिथून आत शिरले की यकृताकडे आणि रक्तात जातात. मग एखाद्या दिवशी वल्ह्यासारख्या पायाचा सांधा सुजलेला दिसतो आणि पोटात गोळा येतो (माझ्या). पिल्लू मलूल झालं की रक्तातली साखर लगेच तपासायची, कारण जंतू रक्तात पसरले की ती झपाट्याने घसरते. पांढऱ्या पेशी वाढल्या तर निदान शरीर लढतंय असं म्हणता येतं. त्या एकदम कमी झाल्या की मला जास्त धास्ती वाटते.

कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढी उसंत पिल्लाकडे नसते, म्हणून नमुना घेऊन लगेच औषध सुरू करायचं आणि निकाल आला की बदलायचं. मोठ्या डॉल्फिनला डोक्यावरच्या नाकपुडीवर धरलेल्या पेट्री डिशमध्ये (जंतू वाढवायच्या बशीत) जोरात श्वास सोडायला शिकवता येतं. पिल्लू कसलं ऐकतंय! आणि त्या प्लेटवर पाण्यातले जंतूही उगवतात, त्यामुळे जे दिसलं तेच गुन्हेगार असं धरून चालत नाही.

पिल्लू मासे खायला लागलं की वेगळी काळजी. एरिसिपेलोथ्रिक्स हा डुकरांना त्रास देणारा जंतू माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात मजेत राहतो. माशाला काही होत नाही, आणि मासा गोठवला तरी जंतू मरेलच असं नाही. डॉल्फिनच्या कातडीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे चट्टे उठले तर नशीब म्हणायचं, कारण पेनिसिलिन द्यायला वेळ मिळतो. या आजाराच्या दुसऱ्या प्रकारात काल नीट जेवलेला प्राणी आज मेलेला सापडतो. म्हणून मासे फ्रीजमध्येच वितळवायचे, उरलेले त्याच दिवशी टाकायचे, आणि "थोडेच तर आहेत" म्हणणाऱ्याला स्वयंपाकघराबाहेर काढायचं.

तळ्याच्या पाण्याबद्दल सगळे जागरूक असतात. अमेरिकेतल्या नियमात 100 मिलिलिटरमागे कोलिफॉर्म (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण मानले जाणारे) जंतू 1000 च्या वर जाऊ नयेत असं आहे आणि दर आठवड्याला तपासणी सक्तीची आहे. चांगलंच आहे. पण पिल्लं तासन् तास लोळतात ती कोरड्या कट्ट्यावर, आणि त्या कट्ट्याचा आकडा कुणी मागत नाही. उलट घाबरून पाण्यात क्लोरीन वाढवलं की डोळे लाल होतात आणि कातडी सोलवटते, म्हणजे जंतूंना आणखी एक दार उघडं.

नवीन स्वयंसेवकांना एकच ताकीद: चावा लपवू नका. सीलच्या तोंडातल्या मायकोप्लाझ्मामुळे बोट सुजून टमटमीत होतं, सांधा कायमचा आखडू शकतो. पेनिसिलिनचा मारा जंतूच्या पेशीभित्तिकेवर (बाहेरच्या कवचावर) असतो आणि या जंतूला तीच नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता "सील चावलंय" असं सांगून टाकायचं, नाहीतर ते कुत्रा चावल्यासारखे उपचार करतील.